‘डोके तर सगळ्यांचेच दुखते’, मग तो आजार कसा?

हडपसरच्या बाजूला, पाळ्यांमध्ये चालणाऱ्या एका विभागाचे पर्यवेक्षक असलेल्या गृहस्थांनी एक प्रश्न विचारला आहे. तो थोडक्यात असा: त्यांच्या हाताखाली ४२ जण काम करतात, बहुतेक पंचविशी ते पस्तिशीतले, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुली आहेत. डोकेदुखीचे कारण देऊन महिन्याला पाच-सात रजा पडतात आणि काही नावे पुन्हा पुन्हा तीच असतात. वरिष्ठांचे म्हणणे असे, की डोके तर सगळ्यांचेच दुखते, त्यासाठी कोणी घरी बसते का? तेव्हा डोकेदुखी खरोखरच एवढी सर्रास असते की हा बहाणा आहे, आणि ती एवढी सर्रास असेल तर तिला आजार म्हणायचे कशासाठी, असे त्यांना विचारायचे आहे. शेवटी त्यांनी एक वाक्य जोडले आहे: ‘माझ्या आईचे जन्मभर पित्ताने डोके दुखत आले, पण तिने एक दिवस स्वयंपाक चुकवला नाही.’

मी पुण्यात गेली २२ वर्षे मेंदूविकारांचा डॉक्टर म्हणून काम करतो. माझ्याकडे पक्षाघात, फिट्स, कंपवात असे नाव ऐकताच घरच्यांचा चेहरा उतरावा असे आजार येतात. परंतु दिवसअखेर केसपेपरांची चळत पाहिली, तर सर्वांत जाड गठ्ठा डोकेदुखीचाच असतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे: होय, ती एवढी सर्रास असते. अवघड भाग पुढचा आहे. तुमच्या वरिष्ठांच्या वाक्यात दोन वेगवेगळे हिशेब एकत्र झाले आहेत. किती जणांचे डोके दुखते हा एक, आणि त्या दुखण्यापायी किती दिवस, किती काम, किती आयुष्य जाते हा दुसरा. पहिला आकडा इतका मोठा आहे, की त्याच्या आडोशाला दुसरा दिसेनासा होतो, असे माझे मत आहे.

पहिला हिशेब आधी मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातील सुमारे ३१० कोटी माणसांना, म्हणजे दर दहांतील चौघांना, डोकेदुखीचा कोणता ना कोणता विकार होता. भारतापुरते बोलायचे तर २०१९ सालासाठी केलेल्या देशव्यापी अभ्यासाने ही संख्या ४८.८ कोटी सांगितली. एवढे मोठे आकडे वाचून काहीच उमगत नाही, म्हणून मी रुग्णांना नेहमी शेजारच्या कर्नाटकातील पाहणीचा दाखला देतो. बंगळूर शहरात आणि आसपासच्या ग्रामीण भागात १८ ते ६५ वयाच्या २,३२९ जणांना घरी जाऊन विचारपूस करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात एकदा तरी डोके दुखले असे सांगणारे ६३.९ टक्के निघाले. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, २५.२ टक्क्यांना होती. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोके दुखणारे ३ टक्के होते. आदल्या दिवशी डोके दुखले होते असे सांगणारे जवळजवळ ६ टक्के होते.

आता हेच प्रमाण तुमच्या ४२ जणांना लावून पाहा. साधारण दहा जणांना अर्धशिशी असायला हवी, एखाद्याचे डोके महिन्यातले निम्मे दिवस दुखत असायला हवे आणि कोणत्याही एका दिवशी दोघातिघांचे डोके दुखत असायला हवे. हा हिशेब तंतोतंत लागू होणार नाही, हे कबूल करतो. तुमच्याकडे तरुण मुली जास्त आहेत आणि अर्धशिशी स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुपटीने किंवा अधिक आढळते, त्यामुळे आकडा वर जाईल. उलट, ज्यांना सर्वांत वाईट त्रास होता त्यांनी ही नोकरी धरलीच नसेल किंवा मधेच सोडली असेल, त्यामुळे तो खालीही येऊ शकेल. तरीही दहा माणसांमागे महिन्याला पाच-सात रजा, हा आकडा पाहून मला बहाण्याची शंका आली नाही. एवढ्याच रजा कशा, असे मात्र मनात आले.

दुसऱ्या हिशेबाकडे वळण्याआधी हे स्पष्ट करायला हवे, की सगळ्यांचे डोके दुखते ते एकाच प्रकारे दुखत नाही. बहुतेकांना ठाऊक असते ती ताणाची डोकेदुखी: कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, दोन्ही बाजूंना जडपणा असतो, पण माणूस चालतो, बोलतो, काम करतो, चहा घेतो आणि दुखणे विरून जाते. तुमच्या वरिष्ठांना बहुधा हीच होत असावी, आणि म्हणून त्यांचे वाक्य त्यांच्यापुरते प्रामाणिक आहे. अर्धशिशी हे वेगळे प्रकरण आहे. उपचार केला नाही तर तिचा एक झटका ४ ते ७२ तास चालतो. बहुधा एका बाजूला ठणका लागतो, जिना चढला किंवा खाली वाकले तरी तो वाढतो, मळमळते, उलटी होते, उजेड आणि आवाज नकोसे होतात. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. ज्याचे डोके असे दुखते तो अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. याउलट आणखी एक दुर्मीळ प्रकार आहे, हजारात एखाद्याला होणारा, ज्यात एका डोळ्यामागे भोसकल्यासारखी कळ उठते आणि माणूस पडून न राहता येरझाऱ्या घालतो. तो आढळला तर थेट तज्ज्ञाकडेच पाठवावे.

जगभरातील आजारांचा भार मोजणारे अभ्यासक प्रत्येक दुखण्याला शून्य ते एक यांमधला एक भारांक देतात. शून्य म्हणजे पूर्ण आरोग्य. त्यांच्या मोजणीत ताणाच्या डोकेदुखीचा भारांक ०.०३७ आहे आणि अर्धशिशीच्या झटक्याचा ०.४४१, म्हणजे तासागणिक जवळजवळ बारा पट. आता वेळही धरा. एकाचे डोके महिन्यातून दोनदा दोन-दोन तास आवळल्यासारखे दुखले आणि दुसरीला महिन्यातून दोनदा चोवीस-चोवीस तासांचा झटका आला, तर दोघांच्याही नावापुढे ‘महिन्यातून दोनदा डोकेदुखी’ असेच लिहिले जाईल. पण भाराचा गुणाकार केला तर दुसरीचा वाटा सुमारे १४० पट निघतो. ‘सगळ्यांचेच दुखते’ या वाक्यात हे दोघे एका रांगेत उभे केले जातात. अशा मोजणीमुळेच २०१९ च्या जागतिक आकडेवारीत, माणसाला अपंगत्वासह काढाव्या लागणाऱ्या वर्षांच्या यादीत अर्धशिशी सर्व आजारांमध्ये दुसरी आली आणि तरुण स्त्रियांमध्ये पहिली. तिने माणूस मरत नाही, म्हणून मृत्यूंच्या नोंदीत ती कुठेच दिसत नाही. आणि शासन असो वा कार्यालय, आपल्याकडे गांभीर्य बहुधा मृत्यूंच्या आकड्यावरूनच ठरते.

आकडे पुरे झाले. माझ्याकडे येणाऱ्या, कोथरूडमध्ये राहणाऱ्या एका शिक्षिकाबाईंचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मी त्यांना डोकेदुखीची वही ठेवायला सांगितले होते. वही काही ठेवली गेली नाही, पण पुढच्या भेटीला त्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पानच फाडून आणले. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब होता, एका ठिकाणी गॅस सिलिंडर लावल्याची नोंद होती, चतुर्थीला गोल होता, आणि त्याच गर्दीत पेन्सिलीने माझ्या सांगण्याप्रमाणे खुणा होत्या: डोके दुखले तर टिंब, आडवे पडावे लागले तर फुली, गोळी घेतली तर ‘गो’. त्या महिन्यात नऊ टिंबे होती आणि त्यांतल्या तिघांवर फुली होती. रजा किती घेतली, असे मी विचारले. एक, त्या म्हणाल्या. दुसऱ्या फुलीच्या दिवशी पालकसभा होती, तिसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले होते, आणि खरोखरच त्या चौकोनात दूध एक लिटरऐवजी दोन लिटर लिहिलेले होते.

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना या आजाराचे एकच टोक दिसले, एक रजा. उरलेले आठ दिवस बाईंनी अर्ध्या डोळ्यांनी वह्या तपासल्या, वर्गात कोणी बाक सरकवला की कपाळावर हात ठेवला आणि घरी आल्यावर मुलाला टीव्ही बंद करायला सांगून त्याच्यावर खेकसल्या. तुमच्या विभागातही याच मापाने पाहावे लागेल: हजेरीपटावरच्या गैरहजेरीपेक्षा, हजर राहून अर्धेच काम झालेल्या दिवसांत जास्त वेळ वाया जातो. त्यात भीतीचा भाग वेगळा. झटका नसलेल्या दिवशीही ‘लग्नाला गेले आणि तिथेच सुरू झाले तर’ या विचाराने माणसे निमंत्रणे टाळतात, प्रवास रद्द करतात आणि बढती नको म्हणतात. हे कोणत्याच पटावर येत नाही.

तुमच्या आईंचे उदाहरण मला इथे घ्यावेसे वाटते, कारण महाराष्ट्रातल्या घराघरांत अर्धशिशी ‘पित्त’ या नावाने लपून राहिली आहे. आजीचे पित्त उसळते, ती डोक्याला पदर घट्ट बांधते, कपाळावर सुंठेचा लेप लावते, सूर्य चढेल तसे डोके चढते, शेवटी उलटी होते आणि मग तिला बरे वाटते. त्यावरून सर्वांनी निष्कर्ष काढलेला असतो, की पित्त पडले म्हणून डोके उतरले. क्रम बरोबर पाहिलेला असतो, कारण उलटे लावलेले असते. अर्धशिशीच्या झटक्यात मेंदूतील यंत्रणा बिघडते आणि तिच्यामुळे मळमळते, उलटी होते आणि जठराची हालचालही मंदावते. अनेकांचा झटका उलटीनंतर ओसरतो, हेही खरे आहे. याच मंदावलेल्या जठरामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि ‘मला गोळीचा उपयोगच होत नाही’ अशी तक्रार येते. उपवासाने झटका येतो हे मात्र आजीचे निरीक्षण अगदी खरे आहे. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे फोन वाढतात, आणि साबुदाण्याला दोष देण्यात काही अर्थ नसतो. जेवणाची चुकलेली वेळ हे कारण पुरेसे असते. न्हाल्यावर डोके दुखते ही बायकांची तक्रारही खोटी नाही; लांब केस धुतल्यावर येणाऱ्या अर्धशिशीची नोंद भारतीय डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत केली आहे.

पित्ताच्या बरोबरीने सायनस, चष्म्याचा नंबर आणि रक्तदाब ही तीन पांघरुणे आहेत. ‘मला सायनस आहे’ असे स्वतःच ठरवलेल्या जवळजवळ तीन हजार लोकांची तपासणी अमेरिकेत झाली, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांचे दुखणे अर्धशिशीच्या निकषांत बसले. नाक चोंदणे आणि डोळ्यांतून पाणी येणे अर्धशिशीतही होते, त्यामुळे ही चूक स्वाभाविक आहे. रक्तदाब फार म्हणजे फारच वाढल्याशिवाय सहसा डोके दुखवत नाही. या गैरसमजांपायी एक्स-रे, चष्मे आणि एमआरआय यांवर घरोघरी किती खर्च होतो, हे मी रोज फायली चाळताना पाहतो. नवऱ्याने फाइल टेबलावर ठेवत ‘सगळे नॉर्मल आहे, तरी हिचे दुखतेच’ असे म्हणण्याचा जो सूर असतो, त्या सुराचाही भार रुग्णाला वाहावा लागतो. अर्धशिशीत एमआरआय सहसा नॉर्मलच येतो. निदान बोलण्यातून होते, चित्रातून नाही.

हा मनाचा कमकुवतपणा नाही, याबद्दल आता वाद उरलेला नाही. चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणांच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या टोकांतून झटक्याच्या वेळी सीजीआरपी नावाचे द्रव्य सुटते आणि त्याला अडवले तर झटके कमी होतात, हे सिद्ध झाले आहे. या मार्गाचा शोध लावणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ चा ब्रेन प्राइझ हा पुरस्कार मिळाला. त्यावर आधारलेली इंजेक्शने आपल्याकडे बहुतेकांना परवडत नाहीत, हा भाग वेगळा.

शिक्षिकाबाईंच्या त्या पानावर मला सर्वांत जास्त खटकले ते ‘गो’ हे अक्षर. डोके दुखले नऊ दिवस, गोळ्या बारा दिवस. उरलेल्या तीन गोळ्या कशाच्या, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘दुखेल असे वाटत होते, म्हणून आधीच घेऊन ठेवल्या.’ पर्समधून त्यांनी पाकीट काढून दाखवले, तर ती कॅफीन असलेली मिश्र वेदनाशामक गोळी होती, जी कोपऱ्यावरच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळते. महिन्यातले १० किंवा अधिक दिवस मिश्र गोळ्या, किंवा १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. मग डोके रोज दुखते म्हणून रोज गोळी, आणि रोज गोळी म्हणून रोज डोकेदुखी, असा फास बसतो. कर्नाटकातील पाहणीत १.२ टक्के लोक या फासात सापडल्याचे दिसले, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या पाचपट होते. टक्का लहान वाटेल, पण जवळजवळ रोज दुखणारी ही माणसे आहेत. तुमच्या हजेरीपटावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या नावांपैकी एखादे नाव या गटातले असू शकते. गोळ्या थांबवल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे त्रास वाढतो, म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि शक्यतो वर्षअखेरीच्या गडबडीबाहेर करावे.

इथपर्यंतचे सार एवढेच: तुमच्या ४२ पैकी बहुतेकांचे डोके कधी ना कधी दुखेल आणि ते आपोआप बरे होईल, दहाएक जणांना अर्धशिशी असेल आणि त्यांतल्या तिघा-चौघांवर बराचसा भार पडत असेल, एक-दोघे गोळ्यांच्या फासात असू शकतील. म्हणून धोरण सगळ्यांसाठी सरसकट आखण्यापेक्षा त्या मोजक्या लोकांपर्यंत उपचार पोचवणे उपयोगाचे ठरते.

उपचार आहेत आणि त्यांतले बरेचसे स्वस्त आहेत, हे मला ठासून सांगायचे आहे. झटक्याच्या सुरुवातीलाच योग्य मात्रेत पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन, मळमळ असेल तर तिच्यावरचे औषध, आणि एवढ्याने भागत नसेल तर ट्रिप्टान वर्गातील गोळी. हृदयविकार असणाऱ्यांना मात्र ती चालत नाही. महिन्यातले चार किंवा अधिक दिवस वाया जात असतील, तर झटके येऊच नयेत यासाठी रोज घेण्याची औषधे असतात: प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन. कोणते द्यायचे हे परिस्थितीवर ठरते. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉल देता येत नाही, लग्न झालेल्या आणि मूल हवे असलेल्या मुलीला टोपिरामेट देण्याआधी दहा वेळा विचार करावा लागतो, आणि नागमोडी रेषा दिसणाऱ्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून त्या टाळाव्या लागतात. ‘माझ्या मैत्रिणीला लागू पडलेली गोळी’ हा प्रकार म्हणूनच मला नको वाटतो. या औषधांनी आजार मुळापासून जात नाही. झटक्यांचे दिवस निम्म्यावर आले, तर मी आणि रुग्ण दोघेही समाधानी असतो. त्या शिक्षिकाबाईंची टिंबे पाच महिन्यांनी नऊवरून चारवर आली.

आता तुमच्या हातात काय आहे, ते पाहू. अर्धशिशीचा मेंदू बदलावर नाराज असतो. झोपेची वेळ, जेवणाची वेळ, चहाची वेळ सरकली की तो कुरकुरतो. रविवारी दहा वाजता उठणाऱ्याचे डोके दुखते ते यामुळेच, आणि त्यात सकाळचा चहा चुकलेला असतो. म्हणून दर आठवड्याला पाळी फिरवण्यापेक्षा एकच पाळी महिनाभर ठेवता येते का, ते पाहा. जेवणाची सुट्टी काम संपेपर्यंत पुढे ढकलू नका. लुकलुकणारी ट्यूब बदला, संगणकाच्या पडद्यावर खिडकीचा उजेड पडत असेल तर खिडकीला पडदे लावा, आणि खोलीत सुवास फवारण्याचे यंत्र असेल तर ते काढा. उग्र वास हे झटक्याचे ओळखीचे निमित्तकारण असते. एक लहान, अंधारी, शांत खोली ठेवा, जिथे झटका सुरू होताच गोळी घेऊन तासभर पडता येईल. माझा अनुभव असा, की या एका तासामुळे अनेकदा पूर्ण दिवसाची रजा वाचते. पुण्यातली दुचाकी, ऊन आणि भोंगे यांवर तुमचा इलाज नाही. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशांच्या सरावाशेजारी राहणाऱ्यांना मीही फक्त कानात कापूस घालायला सांगतो. घट्ट हेल्मेटने कपाळ दाबले जाऊन डोके दुखू शकते, हे खरे आहे, पण हेल्मेटविरोधाची परंपरा असलेल्या या शहरात हे वाक्य जपून लिहावे लागते: हेल्मेट सोडू नका, योग्य मापाचे घ्या.

एक गोष्ट मात्र करू नका. कोणाला अर्धशिशी आहे याची यादी तयार करायला बसू नका. कार्यालयातल्या लोकांना स्वतःचे स्वतः तपासता यावे, म्हणून मिडास नावाची पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे; गेल्या तीन महिन्यांत किती दिवस कामावर जाता आले नाही, किती दिवस काम निम्म्यावर आले, घरकाम किती दिवस राहिले, असे ती विचारते. बेरीज २१ किंवा अधिक आली, तर त्रास तीव्र समजतात. ती सूचनाफलकावर लावा, उत्तरे मागू नका.

सगळीच डोकेदुखी निरुपद्रवी नसते, हेही त्याच फलकावर असावे. क्षणात शिगेला पोचणारी, आयुष्यातली सर्वांत भयंकर वाटणारी डोकेदुखी; ताप आणि मान ताठरणे; हातापायांतली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा दिसणे कमी होणे; डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे; बाळंतपणाच्या आगेमागे नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी: यांपैकी काही असेल, तर रजेचा अर्ज बाजूला ठेवून माणसाला थेट रुग्णालयात न्यावे.

रजेच्या अर्जावर ‘डोकेदुखी’ हे कारण स्वीकारावे का, याचे उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. पुरावा म्हणून रक्ताचा अहवाल किंवा एमआरआय मागू नका. तो बहुधा नॉर्मल येईल आणि त्यातून काहीही सिद्ध होणार नाही. वारंवार रजा लागणाऱ्या व्यक्तीकडे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे, निदान आणि झटक्यांची साधारण वारंवारता सांगणारे पत्र एकदाच मागा आणि दर वेळी नव्या दाखल्यासाठी तिला दवाखान्याच्या रांगेत बसवू नका. खोटे कारण देणारा एखादा असेलही. त्याला पकडण्यासाठी उरलेल्या नऊ जणांना संशयाच्या रांगेत उभे करणे मला परवडणारे वाटत नाही.

राहता राहिल्या तुमच्या आई. त्यांनी स्वयंपाक चुकवला नाही याचा अर्थ त्यांचे कमी दुखत होते असा काढू नका. चुकवण्याची सोय नव्हती, असाही तो असू शकतो. त्यांना एकदा विचारा, की दुखताना उजेड नकोसा व्हायचा का, एकाच बाजूला ठणकायचे का आणि मासिक पाळीच्या आसपास वाढायचे का. पाळी गेल्यानंतर अनेकींची अर्धशिशी निवळते, त्यामुळे आता त्रास कमी झाला असेल तर ते अपेक्षितच आहे. पण पन्नाशीनंतर नव्याच प्रकारचे दुखणे सुरू झाले असेल, कानशिलावर हात लावला तरी दुखत असेल, केस विंचरताना टाळू हुळहुळत असेल किंवा पोळी चावताना जबडा भरून येत असेल, तर ते पित्तही नाही आणि अर्धशिशीही नाही. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा एक आजार असतो, ज्यात उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्यांनी त्याचा अंदाज येतो आणि वेळेवर स्टेरॉइड दिले तर डोळे वाचतात. असे काही त्यांनी सांगितले, तर त्यांना दुसऱ्या दिवसावर न टाकता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.